जुन्या गोठ्याचा खुराडा करताना: आधी फटी बुजवा, मग कोंबड्या आणा

ट्रॅक्टर आला, बैल गेले आणि गोठा रिकामा राहिला, अशी घरं आता गावोगाव आहेत. भिंती उभ्या असतात, छप्पर शाबूत असतं, म्हणून दार लावलं की खुराडा तयार असं वाटतं. पण गोठा बांधलेला असतो बैलासाठी. बैलाला मुंगूस नेत नाही आणि भिंतीच्या फटीतली कीड त्याचं रात्रीत काही बिघडवत नाही. कोंबडीच्या जिवावर उठतात त्या नेमक्या याच गोष्टी. त्यामुळे छपरावर पैसे घालायच्या आधी फटी, नाली आणि जमीन यांच्याकडे बघा.

इथे 12 फूट लांब, 10 फूट रुंद, तीन बाजूंनी भिंत आणि समोरची 12 फुटी बाजू उघडी असा गोठा धरला आहे. दर पक्ष्याला 2 चौरस फूट या हिशेबाने 60 कोंबड्या बसतात. तरी 40 च ठेवा. गव्हाण आणि भांडी बरीच जागा खातात, आणि पावसाळ्यात पक्षी दिवसभर आतच कोंडून राहतात.

पहिलं काम रिकामं करण्याचं. गोठ्याच्या कोनाड्यांत युरिया, फवारणीची औषधं, उंदराचं औषध यांच्या पुड्या हटकून सापडतात. खाली सांडलेलं असलं काहीही टिपून कोंबडी मरू शकते, म्हणून कोपऱ्यांतली माती खरवडून लांब पुरा. खिळे आणि तारेचे तुकडे वेचा, कारण ते गिळले तर आतून जखम होते. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते कापू किंवा छेदू नका. त्यांतली ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

जमीन मातीची असेल तर वरची 2 ते 3 इंच माती काढाच. वर्षानुवर्षांचं गोमूत्र त्यात मुरलेलं असतं. वर अंथरलेली तुसाची गादी ओली झाली की त्याचा उग्र वास उठतो, पक्ष्यांचे डोळे झोंबतात आणि श्वासाचे विकार सुरू होतात. माती काढल्यावर मुरूम भरा, धुम्मसाने चोपा आणि वर 3 इंचांचा कोबा करा. नुसत्या मुरमातून घूस वर येते. शहाबादी फरशी असेल तर ती उखडू नका, फक्त सांधे सिमेंटने भरा. मूत्राच्या नालीचं तोंड मात्र विसरू नका. मुंगसाला आत यायला ती आयती वाट असते. नाली वापरायची नसेल तर बुजवून टाका, धुण्याच्या पाण्यासाठी हवी असेल तर तोंडाला जाळी बसवा.

आता भिंती. जुन्या गोठ्याच्या आढ्यावर पूर्वी कधी कोंबड्या बसत असतील तर फटींत कोंबडीची गोचीड असणार असं धरूनच चाला. ती दिवसा लपते, रात्री रक्त पिते, आणि उपाशीपोटी वर्षाहून अधिक काळ जगू शकते. त्यामुळे गोठा दोन पावसाळे रिकामा होता याला काहीच अर्थ नाही. भिंतीच्या सगळ्या दर्जा (दगड-विटांमधले सांधे) खरवडून सिमेंट-वाळूने भरा आणि आतून किमान 4 फुटांपर्यंत गिलावा करा. कोकणातल्या चिऱ्याच्या भिंतीला तर गिलावा हवाच, कारण त्या दगडाला अंगचीच भोकं असतात. मग कळीच्या चुन्याचे दोन हात द्या. लाकडी वासे असतील तर त्यांच्या भेगांत औषध फवारावं लागतं. कोणतं आणि किती, ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. फवारणी कोंबड्या आणायच्या आधी करा आणि आतली जागा पूर्ण वाळू द्या.

समोरची बाजू 7 फूट उंच धरू. खाली दीड फुटाची विटांची भिंत घाला, वर जाळी लावा. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेशच घ्या. षटकोनी मुर्गाजाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, आणि तिच्या मोठ्या भोकांतून साप सहज येतो. 3 फूट रुंदीची 35 फूट जाळी लागेल: समोर दोन पट्ट्यांना 24 फूट, मागच्या झरोक्याला 5 आणि जमिनीतल्या पट्टीला 6. दार याच जाळीतून होतं. जमिनीतली पट्टी म्हणजे समोरच्या भिंतीला लागून बाहेरच्या बाजूला दीड फूट रुंद जाळी आडवी अंथरायची, आणि तिच्यावर 3 इंच माती आणि दगड टाकायचे. उकरणारं जनावर नेहमी भिंतीच्या कडेलाच उकरतं, तिथे जाळी लागली की सोडून देतं. बाकी तीन भिंतींना जुना खोल पाया असतो, तिथे ही पट्टी लागत नाही.

मागच्या भिंतीत छपराखाली 10 फूट लांब, 1 फूट उंच झरोका फोडा. गरम, दमट हवा वर चढते, तिला वरूनच वाट हवी. पावसाच्या बाजूला छप्पर 3 फूट पुढे काढा. पत्र्याचं छप्पर असेल तर विदर्भ-मराठवाड्यात मार्चमध्येच वरून चुना मारा आणि पाचट किंवा पेंढा बांधा. नाहीतर मे महिन्याच्या दुपारी कोंबड्या चोची उघडून धापा टाकतात, आणि तशातच काही दगावतात.

गव्हाण पाडू नका. तिच्यात फळ्या उभ्या करून एकेक फुटाचे कप्पे केले की अंडी घालायची जागा तयार होते. 5 कोंबड्यांना 1 कप्पा, म्हणजे 8 पुरेत. आत पेंढा घाला आणि पुढे 4 इंचांची पट्टी मारा, म्हणजे अंडी घरंगळणार नाहीत. बसायच्या दांड्या मात्र गव्हाणीपेक्षा उंच, साधारण अडीच फुटांवर हव्यात. कोंबडी रात्री सर्वांत उंच जागी बसते. गव्हाण उंच राहिली तर ती कप्प्यातच झोपेल आणि सकाळी अंडी विष्ठेने माखतील. 10 फुटांच्या तीन दांड्या लावा, एकमेकींपासून सव्वा फूट आणि भिंतीपासून 1 फूट अंतरावर. दांडी 2 इंच जाड असावी, तिच्या कडा घासून गोल करा. वनराजसारखी जड जात असेल तर चढायला तिरकी फळी द्या, नाहीतर उतरताना तळपाय दुखावतो आणि सुजतो.

गादीसाठी भाताचं तूस 3 इंच जाड अंथरा, आठ ते दहा पोती लागतील. आठवड्यातून दोनदा ते दाताळ्याने हलवा. मुठीत दाबून उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. तेवढा भाग काढा, चुन्याची भुकटी आणि कोरडं तूस टाका. बहुतेक वेळा दोष पाण्याच्या भांड्याचा असतो. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगली की सांडणं थांबतं. 40 कोंबड्यांना रोज 10 लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात दुप्पट.

सुरुवात 8 आठवड्यांच्या, मानमोडी आणि देवीची लस झालेल्या पक्ष्यांपासून करा. म्हणजे लहान पिल्लांना लागते तशी ऊब देण्याची वेगळी सोय करावी लागत नाही. आणल्यावर आठवडाभर त्यांना बाहेर सोडू नका. आठव्या दिवशी दिवस मावळायच्या तासभर आधी सोडा आणि आत दाणे टाका. अंधार पडता पडता ती आपणहून परततात. मग मोजा, कडी लावा, आणि कडीत पाचर घाला, कारण नुसती सैल कडी कुत्रं ढुशी मारून उघडतं.