पावसाळ्यात मोठ्या लाटा बघायला जाताय? या चुका टाळा

जून-जुलैमध्ये रविवार आला की ग्रुपवर मेसेज फिरतोच, "उद्या ४.८ मीटरच्या लाटा, चला मरीन ड्राइव्हला". पहिली चूक इथेच होते. तो ४.८ चा आकडा लाटेचा नाहीच, तो भरतीच्या पाण्याच्या पातळीचा आहे. सगळ्यात खालच्या ओहोटीच्या आसपासची एक पातळी शून्य धरून तिच्यावर पाणी किती चढणार, एवढंच तो सांगतो. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच या मापाने अडीच मीटरच्या आसपास येते. लाट त्याच्यावर वेगळी येते आणि ती ठरते वाऱ्यावर, आणि फुगाऱ्यावर, म्हणजे लांबच्या वादळात उठून इथवर चालत येणाऱ्या लाटांवर. म्हणून ४.८ ची भरती असूनही वारा पडला तर लाटा साध्याच दिसतात, आणि ४.२ च्या दिवशी नैऋत्येचा वारा जोरात असला की कठड्यावरून पाणी थेट रस्त्यावर. भरतीचं काम एवढंच की काठाशी पाणी खोल होतं, मग जी लाट लांब फुटली असती ती भिंतीपर्यंत न फुटता येते आणि तिथे आदळते.

वेळ न बघता निघणं ही दुसरी चूक. कोकणातली जुनी माणसं तिथीवरून हिशेब करतात, तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अवसेला सव्वाअकरा, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. थोडं पुढेमागे होतं, पण अंदाज पक्का येतो. अवस-पुनवेला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. रोज भरती साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे शनिवारी बाराला बघितलं म्हणून रविवारी पण बाराला, असं नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं. पाच मिनिटं बघून "इथपर्यंत पाणी येत नाही" असं ठरवू नका. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात हेदवीला बामणघळ बघायला गेलो होतो, उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळात एक अरुंद भेग आहे, भरतीला लाट तिच्यात घुसते आणि पाणी उंच उसळतं. बघायला खरंच अप्रतिम आहे, आयुष्यात एकदा तरी बघाच. आम्ही जिथे उभे होतो तिथे लाट पोचत नव्हती, दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, मग एक गावातले काका आले आणि म्हणाले, "पायाखालचा दगड ओला हाय ना? मग पाणी हितं येतं." आम्ही मागे सरकलो, आणि थोड्याच वेळात त्याच जागेवरून गुडघाभर पाणी गेलं. माझा भाचा तेव्हा सात वर्षांचा होता, त्याचा हात धरून मी तिथेच उभी होते. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

कारण साधं आहे. लाटा सारख्या नसतात, झुंडीने येतात, मधे बराच वेळ शांत जातो. अंदाजात जी लाटेची उंची देतात ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, एखादी लाट त्याच्या दुप्पट पण येऊ शकते. म्हणून आधी २०-३० मिनिटं उंचावर थांबून बघा, ओली रेषा कुठवर आहे ते शोधा, आणि तिच्या बऱ्याच मागे उभे राहा. पाऊस चालू असताना सगळंच ओलं असतं, तेव्हा शेवाळ आणि कालवं बघा, ती जिथे आहेत तिथे समुद्र नेहमी येतो.

आभाळ मोकळं, वारा नाही म्हणून समुद्र शांत, असंही समजू नका. खूप दक्षिणेकडच्या वादळांचा फुगारा हजारो किलोमीटर चालत आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो, केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचे इशारे देते, निघायच्या आधी ते बघायला दोन मिनिटं लागतात.

हरिहरेश्वरला देवळामागून समुद्रकाठाने जी प्रदक्षिणा घालतात, ती चढत्या भरतीत सुरू करू नका. वाट खडकांतून जाते, पुढे जाताना कोरडी असलेली सखल जागा परत येईपर्यंत भरते आणि आपण मधेच अडकतो. सेल्फीसाठी समुद्राकडे पाठ करणं, मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवायला टाकलेल्या काँक्रीटच्या चार पायांच्या ठोकळ्यांवर उतरणं, हे तर नकोच. दोन टेट्रापॉडच्या फटीत पडलेल्या माणसाला बाहेर काढणं फार अवघड असतं.

तरी कोणी पडलंच तर मागोमाग उडी मारू नका. दोर, रिकामा कॅन, जे तरंगतं ते फेका, एकाने नजर त्या माणसावरून हलवायची नाही, दुसऱ्याने ११२ किंवा कोस्टगार्डचा १५५४ लावायचा. पडलेल्याने लगेच खडकाला धरायला जाऊ नये, पुढची लाट तिथेच आपटते. पाठीवर तरंगत खडकापासून लांब राहायचं आणि हात वर करायचा.

गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत नेऊ नका. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक अजून खाली जातं. टायरमधली थोडी हवा काढा, चाकापुढची वाळू उपसा, आणि भरती चढत असेल तर ताबडतोब गावातून ट्रॅक्टर बोलवा. घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायला विसरू नका, मीठ पत्रा खातं.