घरच्या घरी ग्रीक लुकुमादेस

झाऱ्यातून ताटलीत टाकताना गोळ्याचा हलका, पोकळ आवाज आला तर लुकुमादेस जमले. धप्प आवाज आला तर आत पीठ कच्चं आहे किंवा पावासारखं भरीव झालंय. ग्रीसमधला हा तळलेला गोड पदार्थ मुळात मैदा, पाणी आणि यीस्ट एवढ्यावरच होतो. वरून मध आणि दालचिनी. नाव आलंय तुर्की ‘लोक्मा’वरून, आणि त्याच्या मागे आहे अरबी ‘लुक्मा’, म्हणजे घास. आकारही एका घासाचाच ठेवायचा. अथेन्सच्या एओलू रस्त्यावर ‘क्रिनोस’ हे दुकान १९२३ पासून त्यासाठी प्रसिद्ध आहे. सायप्रसमध्ये तर ६ जानेवारीच्या सणाला हे गोळे घराच्या छपरावर फेकायची जुनी रीत आहे, कालिकांझारी नावाची भुतं ते खाऊन निघून जावीत म्हणून.

दिसायला हे गुलाबजामाचे भाऊबंद, पण कृती भज्यांच्या जवळची. पीठ मळायचं नसतं, सैल भिजवायचं असतं. गोळा हातावर वळता आला तर पाणी कमी पडलं असं समजा.

चाळीसेक गोळ्यांसाठी ३०० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ७ ग्रॅम ड्राय यीस्ट (सपाट दोन चहाचे चमचे), एक चमचा साखर, पाऊण चमचा मीठ, एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल आणि ३०० ते ३२० मिलि कोमट पाणी लागतं. कॉर्नफ्लोअरमुळे साल जास्त वेळ कुरकुरीत राहते. साखर वाढवायचा मोह टाळा. ती तेलात लवकर करपते आणि गोळे आत शिजायच्या आधीच काळपट होतात. दूध घातल्यावरही रंग लवकर चढतो आणि साल मऊ पडते. म्हणून पाणीच बरं. अंडी आणि दूध नसल्यामुळे ग्रीसमध्ये हे उपासालाही चालतात, अर्थात तिकडच्या चर्चच्या उपासाला.

अर्धा कप पाण्यात साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. पाणी बोटाला सुखद कोमट लागलं पाहिजे, साधारण ३८ अंश. चटका बसेल इतकं गरम असेल तर यीस्ट मरतं आणि मग कितीही वाट पाहिली तरी पीठ फुगत नाही. दहा मिनिटांत वर फेस आला नाही तर ते यीस्ट टाकून द्या, मैदा वाया घालवू नका. फेस आला की मैदा, कॉर्नफ्लोअर, मीठ, तेल आणि उरलेलं पाणी घाला. शेवटचं २० मिलि पाणी हातात राखून ठेवा, कारण प्रत्येक मैदा सारखं पाणी पीत नाही. मग हाताने चार-पाच मिनिटं पीठ खालून वर उचलून आपटत फेटा. गुठळ्या गेल्या, पीठ चकचकीत झालं आणि हात वर उचलल्यावर त्याची जाड, लवचिक पट्टी लोंबायला लागली की थांबा. पिठाची धार लागली तर दोन चमचे मैदा घाला. हाताला चिकटून सुटतच नसेल तर चमचाभर पाणी.

झाकून ठेवा. पीठ दुप्पट व्हायला हवं आणि वर बुडबुड्यांची जाळी दिसायला हवी. मुंबईच्या मे महिन्यात हे पाऊण तासातही होतं, थंडीत दीड तास लागतो, त्यामुळे घड्याळापेक्षा भांड्याकडे बघा. पीठ फुगून मध्यभागी खचलं आणि आंबूस वास सुटला तर वेळ टळली. असे गोळे चपटे होतात आणि तेल पितात. फुगलेलं पीठ पुन्हा ढवळायचं नाही. गोळा पोकळ होतो तो याच हवेमुळे.

आता खरं कसब. डावा हात पाण्यात बुडवून मूठभर पीठ घ्या आणि अंगठा वर ठेवून मूठ सैल मिटा. करंगळीकडून हळूहळू आवळत आणलं की अंगठा आणि तर्जनीच्या मधून पिठाचा गुळगुळीत फुगा वर येतो. सुपारीपेक्षा थोडा मोठा झाला की उजव्या हातातल्या, तेलात बुडवलेल्या खोलगट चमच्याने तो खालून कापून उचला आणि तेलाच्या अगदी जवळ नेऊन सोडा. ग्रीक घरांतून हे वर्षानुवर्षं असंच चालतं. चमचा दर गोळ्याला वाटीतल्या तेलात बुडवायचा. पाण्यात बुडवलात तर झटकून घ्या, नाहीतर कढईतलं तेल अंगावर उडेल. पहिले सात-आठ वेडेवाकडे होतील, त्यानंतर हाताला लय सापडते. गोळ्यांना शेपट्या फुटत असतील तर तुम्ही ते उंचावरून सोडताय, किंवा चमचा कोरडा आहे, किंवा पीठ पातळ आहे.

कढईत किमान सहा-सात सेंटिमीटर खोल तेल हवं, म्हणजे गोळा मोकळा तरंगून गोल होतो. सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेल चालेल. तापमान १७५ ते १८० अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाकून बघा: तो खाली जाऊन दोन-तीन सेकंदांत बुडबुड्यांसह वर यायला हवा. थेंब लगेच तांबूस झाला तर तेल फार तापलंय. तळाशी रेंगाळला तर अजून थांबा. एका वेळी आठ-दहाच गोळे सोडा. जास्त टाकले की तेल एकदम गार पडतं आणि तेलकटपणाचं हेच पहिलं कारण असतं. पडल्यापासून झाऱ्याने तेल हलवत राहा आणि वरच्या बाजूवर तेल उडवा. तीन ते चार मिनिटांत सगळीकडून सोनेरी होतात. बाहेर रंग छान पण आत चिकट निघालं तर आच कमी करा किंवा गोळे लहान करा. जास्त कुरकुरीत हवे असतील तर फिकट असतानाच काढून ठेवा आणि वाढायच्या आधी १८५ अंशांवर मिनिटभर पुन्हा तळा. पाहुणे यायचे असतील तेव्हा ही युक्ती फार उपयोगी पडते. तळलेले गोळे जाळीवर काढा. डब्यात झाकून ठेवलेत तर स्वतःच्याच वाफेने पाच मिनिटांत मऊ पडतात.

मध घालायचा तो गोळे ताटात वाढायच्या क्षणीच. २०० ग्रॅम मध, पाव कप पाणी आणि दालचिनीचा तुकडा मंद आचेवर फक्त पातळ होईपर्यंत तापवा. खळखळून उकळला तर सुगंध उडतो. ग्रीसमध्ये थाइमच्या फुलांचा उग्र वासाचा मध वापरतात. आपल्याकडे महाबळेश्वरचा जांभळाचा मध इथे छान बसतो, त्याचा किंचित कडवटपणा तळणाचा जडपणा कापतो. गरम गोळ्यांवर कोमट मध ओता, दालचिनीची पूड, भाजलेले तीळ किंवा जाडसर कुटलेले अक्रोड भुरभुरवा आणि लगेच वाढा. गोळे पाकात मुरत ठेवायचे नाहीत.

टिकाऊ काही हवं असेल तर दिप्लेस करा, म्हणजे पातळ पट्ट्या तेलातच गुंडाळून तळलेला ग्रीक गोड पदार्थ. दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनेसमध्ये लग्नात आणि नाताळात हे असतातच. नावाचा अर्थ घड्या. २५० ग्रॅम मैदा, ३ अंडी, संत्र्याची किसलेली साल आणि चिमूटभर मीठ घालून घट्ट पीठ मळा, तासभर झाकून ठेवा. मग खालचा ओटा दिसेल इतकं पातळ लाटा. लाटताना लावलेली पिठी झटकायला विसरू नका, ती तेलात जळते. १० बाय २० सेंटिमीटरच्या पट्ट्या कापून एकेक तेलात सोडा आणि दोन काट्यांनी लगेच गुंडाळायला घ्या. हातात २०–२५ सेकंद असतात. त्यानंतर पट्टी कडक होऊन तुटते. जाड लाटली असेल तर ती वळतच नाही. हे कोरडे हवाबंद डब्यात आठवडाभर राहतात, मध आणि अक्रोड मात्र खायच्या वेळीच घाला.