गाडीचा हीटर आणि हवेची नियंत्रणे: बिघाड घरच्या घरी कसा शोधावा

'हीटर बिघडला' या एका तक्रारीत तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात: हवा येतच नाही, हवा येते पण तापत नाही, किंवा हवा तापते पण हव्या त्या जागी पोहोचत नाही. या तिन्हींची कारणे वेगवेगळ्या भागांत असल्यामुळे डॅशबोर्डच्या एकाही स्क्रूला हात लावण्यापूर्वी इंजिन सुरू करून, प्रत्येक नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून, आपली तक्रार यांपैकी कोणती हे ठरवावे.

हवा अजिबात येत नसल्यास प्रथम ब्लोअरचा, म्हणजे आत हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, फ्यूज तपासावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तोही लगेच जळाला तर अधिक क्षमतेचा घालू नये, कारण मग फ्यूजऐवजी वायर जळते. ब्लोअर केवळ सर्वाधिक वेगावर चालत असेल, तर दोष बहुधा रेझिस्टरमध्ये, म्हणजे वीज रोखून ब्लोअरचा वेग कमी करणाऱ्या भागात, असतो, कारण खालच्या वेगांसाठी वीज रेझिस्टरमधून जाते आणि सर्वाधिक वेगाला ती थेट मोटरला मिळते. मोटरचा आवाज येतो पण झोत क्षीण आहे, अशा वेळी गाडीत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर काढून पाहावा. अनेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि बदलायला फारसे कौशल्य लागत नाही, तरीही बहुतेकांना त्याची आठवण सर्वांत शेवटी होते.

हवा तापत नसेल तर थोडा अधिक विचार करावा लागतो. इंजिनची उष्णता घेतलेले कूलंट (इंजिन थंड राखणारे द्रव) डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरमधून, म्हणजे छोट्या रेडिएटरसारख्या भागातून, वाहते आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. म्हणून इंजिन पूर्ण तापल्याशिवाय हीटरविषयी निष्कर्ष काढू नये. कूलंटची पातळी मात्र इंजिन थंड असतानाच पाहावी. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, कारण दाबाखालचे कूलंट उसळून अंगावर येते. पातळी ठीक असूनही बराच वेळ गाडी चालवल्यावर तापमानाचा काटा खालीच राहत असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडी अडकल्याचा संशय घ्यावा. काटा योग्य जागी असेल, तर इंजिनकडून हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्यांना, पंखा व पट्ट्यापासून हात दूर ठेवून, जपून स्पर्श करावा. दोन्ही गरम असल्यास कोअरपर्यंत उष्णता पोहोचत आहे आणि गरम-थंड हवा मिसळणारी झडप हलत नसावी. एक गरम व दुसरी कोमट असल्यास कोअर तुंबला आहे किंवा त्याचा व्हॉल्व्ह बंद आहे. गाडी उभी असताना हवा थंड आणि रेस दिल्यावर गरम येणे हे कूलंट कमी असल्याचे किंवा त्यात हवा अडकल्याचे लक्षण असते. गोडसर वास, काचेवर तेलकट धुके आणि पायाखाली ओला गालिचा आढळल्यास कोअर गळत आहे; सांडलेले कूलंट विषारी असल्याने मुले व पाळीव प्राणी यांना त्यापासून दूर ठेवावे.

हवा चुकीच्या दिशेने येत असेल तर झडपा फिरवणारी यंत्रणा तपासावी. जुन्या गाड्यांत नॉबपासून झडपेपर्यंत केबल जाते; नॉब सैल फिरत असेल तर ती क्लिपमधून निसटलेली असू शकते. व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनच्या हवा ओढण्याच्या जोरावर, चालणाऱ्या अनेक यंत्रणांत नळी फुटली की हवा आपोआप पुढच्या काचेकडे वळते. काच स्वच्छ राहावी म्हणून ती रचनाच तशी केलेली असते. नव्या गाड्यांत हे काम छोट्या विद्युत मोटरी म्हणजे अॅक्च्युएटर करतात, आणि नॉब फिरवताच डॅशबोर्डमागून टिकटिक ऐकू आली तर प्लास्टिकच्या गिअरचे दात झिजलेले किंवा तुटलेले असण्याची शक्यता मोठी. बॅटरीचे ऋण टर्मिनल काढून, एअरबॅगसाठी पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबून, मगच अॅक्च्युएटरचे स्क्रू सोडावेत आणि झडपेचा दांडा हाताने फिरवून पाहावा. तो सहज फिरला तर अॅक्च्युएटर बदलल्याने काम भागते. झडपच अडकली असेल तर बहुधा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि ते काम मेकॅनिककडे सोपवावे.