सशाची पिल्लं दुधावरून चाऱ्यावर आणताना

आमच्या परभणीकडं माझ्या पाहण्यात पिल्लं जातात ती बहुतेक दूध तोडताना, हगवणीनं. म्हणून आधी त्यांचं पोट समजून घ्या. मादी दिवसातून बहुधा एकदाच, तेही तीन-चार मिनिटं पाजते. घाबरून वरून गाईचं दूध पाजत बसू नका. पोट टम्म दिसलं की झालं. या वयात पिल्लाच्या जठरात आम्ल कमी असतं, जंतूंपासून आईच्या दुधातली स्निग्ध आम्लंच राखण करतात.

दहाव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडतात. पुढं पिल्लं पेटीतल्या आईच्या लेंड्या कुरतडतात. किळस वाटली तरी पेटी रोज धुऊन काढू नका, ओलं गवत तेवढं बदला. अंधांत्रात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, चारा आंबवणारे जंतू या लेंड्यांतूनही येतात.

१८ ते २१ दिवसांनी पिल्लं चारा तोंडात घेतात. वाळलं गवत कायम पुढ्यात हवं. लसूणघास सुकवून, चिमूटभर. कोवळी ज्वारी अजिबात नको, किरळ लागते, म्हणजे तिच्यातलं विष बाधतं, हे गुरं राखणाऱ्यांना काय सांगायचं! भरडाही हात राखून, पिठूळ खाणं जास्त झालं की न पचता अंधांत्रात जातं अन् पोट बिघडतं.

पाचव्या आठवड्याआधी दूध तोडू नका. तोडताना मादी हलवा, पिल्लं त्याच पिंजऱ्यात ठेवा अन् खाणंही आठवडाभर तेच.