अहवाल कोणाच्या टेबलावर ठेवायचा? कुपोषणाच्या धोरणकामात नव्याने येणाऱ्यांसाठी

धोरणाच्या कामात नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात, 'रिपोर्ट कोणाला पाठवायचा?' मी म्हणतो, त्यातली कोणती शिफारस कोणाच्या अखत्यारीत येते ते आधी शोधा. बालकुपोषणच घ्या. अंगणवाडीतला आहार महिला व बालविकासकडे, आजारी बाळ आरोग्याकडे, आईबापाचं काम रोजगार हमी योजनेकडे (रोहयो), वाडीवरचं पाणी पाणीपुरवठ्याकडे आणि आदिवासी विकास सगळीकडे थोडा थोडा. 'विभागांत समन्वय हवा' असं लिहिलंत की ते कोणाचंच काम उरत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील वाढ खुंटलेली मुलं 2005-06 मध्ये 46 टक्के होती, 2015-16 मध्ये 34 आणि 2019-21 मध्ये 35. बैठकीत हे मांडलं की कोणीतरी म्हणतंच, 'आमच्या विभागाच्या पोर्टलवर तर कमी दिसतंय.' तिथे वाद घालू नका. सर्वेक्षणात नमुन्यातली घरं असतात, पोर्टलवर अंगणवाडीत वजन-उंची मोजलेली मुलं. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यातली आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. बाळ यादीत राहतं, वजनकाट्यावर येत नाही. हे अंगणवाडी सेविकेला संशोधकाच्या आधी ठाऊक असतं, म्हणून रिपोर्टआधी तिच्याकडे बसा. 2022 मध्ये राज्याने स्थलांतरित माता-बालकांच्या नोंदीसाठी ट्रॅकिंग प्रणाली आणली. प्रश्न इतका नेमका झाला की विभागाला काहीतरी हातात घेता येतं.

गडचिरोलीचं उदाहरण मुळातून अभ्यासा. तिथल्या 'सर्च' या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत घरोघरी नवजात बालसेवा दिली. नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आशांमार्फत (गावातल्या आरोग्य स्वयंसेविका) हाच कार्यक्रम देशभर सुरू व्हायला 2011 उजाडलं. पुरावा तर बारा वर्षं तोच होता! मधल्या काळात इतर ठिकाणी चाचण्या झाल्या आणि गावोगावी आशा आल्या. शेवटी शासनाला राबवता आलं ते भेटींचं वेळापत्रक: दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा भेटी, घरच्या बाळंतपणानंतर सात आणि आशाला 250 रुपये. माझ्या मते तरुण संशोधकाने लेखातल्या तक्त्यांइतकंच हे वेळापत्रक वाचावं.

विभागाला रिपोर्टसोबत द्यायची टिपणी एका पानाची आणि मराठीत हवी. कोणी काय करायचं, खर्च किती, कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं), एवढं त्यात आलं पाहिजे. सचिवांची भेट मिळाली तर उत्तमच, पण फाईलवर मांडणी होते ती कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावरून, तेव्हा तिथला चहा टाळू नका. अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, विभागांचे अंदाज त्याच्या कितीतरी आधी जातात. फेब्रुवारीत नेलेल्या कागदाला 'पुढच्या वर्षी बघू' हेच उत्तर मिळतं.

आणि दबाव आला तरी संशोधनात नसलेली खात्री टिपणीत घालू नका. पुरावा तोकडा असेल तर तसं लिहा, दोन बालविकास प्रकल्पांत करून पाहण्याचा प्रस्ताव द्या आणि मोजमाप कोण, कधी करणार तेही त्याच पानावर घ्या.