लॅपटॉप कोरा करून विंडोज ११ टाकताना

विंडोज टाकायला साधारण अर्धा तास लागतो. तयारीला मात्र निवांत सकाळ काढा, कारण काम अडतं ते बहुतेक वेळा आधी न घेतलेल्या एखाद्या ड्रायव्हरपाशी (वायफाय, डिस्क असे भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) किंवा न सापडणाऱ्या पासवर्डपाशी. आणि पुण्यात असाल तर गुरुवार नको. महावितरणची देखभाल त्याच वारी निघते. लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण राउटर बंद पडला की सेटअप इंटरनेट मागत तिथेच बसतो.

विंडोज १०ची मोफत सुरक्षा अपडेट्सची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली, त्यामुळे सध्या ११च टाकायचं. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम (खरं तर ८ हवीच), ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) लागतं. टीपीएम दिसत नसेल तर बहुधा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असतं. इंटेलवर ते पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने सापडतं. ते चालू करण्याआधी डिस्क एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) आहे का ते बघा. असेल तर पुढच्या वेळी सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते.

बॅकअपमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स सगळेच घेतात. विसरतात ते वेगळंच. टॅलीचा डेटा फोल्डर बऱ्याचदा सी ड्राइव्हवरच असतो, आणि टॅलीचं लायसन्स पुसण्याआधी सरेंडर करावं लागतं. आउटलुकची पीएसटी फाइल (त्यात मेल साठवलेले असतात), ब्राउझरमधले पासवर्ड, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर हेही बघून घ्या. जुनी मराठी पत्रं श्रीलिपीत टाइप केलेली असतील तर ते फॉन्टही कॉपी करा. नाहीतर फाइल उघडेल, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. डी ड्राइव्ह शाबूत राहील या भरवशावर राहू नका, त्याचाही बॅकअप बाहेरच्या डिस्कवर हवा.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा लागतो, आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत घ्यायला गेलात तर नावाजलेल्या कंपनीचा, बिलासकट घ्या. खोटी क्षमता छापलेल्या स्वस्त पेनड्राइव्हवर फाइल अर्धवट उतरतात आणि सेटअप मध्येच ‘आवश्यक फाइल मिळाल्या नाहीत’ म्हणून थांबतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून पेनड्राइव्ह बनवा. दुकानदार वापरतात ती ‘अ‍ॅक्टिव्हेट केलेली’ फाइल घेऊ नका. विंडोजसकट विकत घेतलेल्या लॅपटॉपची लायसन्स की मदरबोर्डमध्येच असते, त्यामुळे त्या फाइलची गरजही नसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर खालच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर टाकून दोन ड्रायव्हर त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवा: वायफायचा आणि इंटेलचा रॅपिड स्टोरेज. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळणारी इंटेलची सोय) चालू असतं, आणि त्याचा ड्रायव्हर सेटअपकडे नसला तर डिस्कची यादीच रिकामी येते. एसएसडी गेली असं वाटून लोक दुकान गाठतात. अशा वेळी ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो फोल्डर दाखवायचा. ड्रायव्हर ईएक्सई स्वरूपात असेल तर आधी उलगडून ठेवा, सेटअपला आतली आयएनएफ फाइल हवी असते. यूएसबी माउसही जवळ ठेवा. काही मॉडेलचा टचपॅड सेटअपमध्ये चालत नाही.

चार्जर लावा आणि सुरू करताना बूट मेनूचं (कशावरून सुरू व्हायचं ते निवडण्याचं) बटण दाबत राहा: डेल आणि लेनोवोला एफ १२, एचपीला एस्केप आणि मग एफ ९, असुसला एस्केप. एसरला एफ १२ आहे, पण अनेकदा तो मेनू बायोसमध्ये आधी चालू करावा लागतो. यादीत ‘यूएसबी’च्या आधी ‘यूईएफआय’ लिहिलेली ओळ निवडा.

‘सगळं डिलीट होईल’ या वाक्यापुढे टिक करावी लागते, पण तेवढ्याने लगेच काही पुसलं जात नाही. पुसलं जातं पुढे, पार्टिशनच्या (डिस्कच्या भागांच्या) पडद्यावर. तिथे डिस्कच्या नंबरावर जाऊ नका, आकार बघा: ५१२ जीबीची एसएसडी सुमारे ४७६ दिसते, १ टीबीची डिस्क ९३१. पेनड्राइव्हही त्याच यादीत असतो. बाहेरची बॅकअप डिस्क तर या वेळी लॅपटॉपला लावलेलीच नको. एसएसडीवरची सगळी पार्टिशन एकेक करून डिलीट करा आणि उरलेली ‘अनॅलोकेटेड’ जागा निवडून नेक्स्ट दाबा. लागणारी छोटी पार्टिशन विंडोज स्वतः करतं. एमबीआरची (डिस्कच्या जुन्या मांडणीची) तक्रार आली तर शिफ्ट आणि एफ १० (काही कीबोर्डवर एफएनही) दाबून काळी खिडकी उघडा आणि तिथे एकेक टाइप करा: डिस्कपार्ट (diskpart), लिस्ट डिस्क, मग सिलेक्ट डिस्क आणि नंबर, मग क्लीन. क्लीन पुन्हा न विचारता अख्खी डिस्क पुसतं.

पहिल्यांदा रीस्टार्ट झाला की पेनड्राइव्ह काढा, नाहीतर काही लॅपटॉप पुन्हा पहिल्याच पडद्यावर येतात. वायफाय दिसत नसेल तर पेनड्राइव्ह परत लावून ड्रायव्हर द्या, किंवा अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा.

डेस्कटॉप आल्यावर आधी विंडोज अपडेट, त्यातले ऑप्शनल ड्रायव्हर, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण राहिली असेल तेवढ्यापुरते कंपनीच्या साइटवरचे. ‘ड्रायव्हर अपडेटर’ सॉफ्टवेअर कुठलंच नको. अ‍ॅक्टिव्हेशन सेटिंग्जमध्ये बघा. विंडोजची होम आवृत्ती असलेल्या लॅपटॉपवर प्रो टाकलं असेल तर ते होणार नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केल्यावर नव्या आवृत्तीत डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होते, होम असलं तरी. त्या खात्यावर रिकव्हरी की दिसते का ते फोनवरून तपासा आणि कागदावर उतरवून घ्या.