गाड्या रात्री उशिरा चार्जिंगला लावणार? आधी निघायची वेळ विचारा

अर्थिंग, वायरची जाडी, प्रत्येक गाडीला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), ही कामं चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. त्यावर मी इथे वेळ घालवत नाही. आमचं फसलं ते वेगळ्याच गोष्टीवर.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत आठ इलेक्ट्रिक गाड्या आहेत. हिंजवडीहून आठच्या सुमाराला सगळे परततात आणि आल्या आल्या प्लग लावतात. गाडीमागे ३.३ किलोवॅट धरले तरी २६ किलोवॅटचा भार एकदम येतो, तोही लिफ्ट, पंप आणि घरोघरचे एसी चालू असताना. राज्याचंही संध्याकाळी हेच होतं. सूर्य मावळला की सौर वीज संपते आणि मागणी मात्र चढते. ती भागवायला कोयनेच्या १,९६० मेगावॅटची मोठी मदत होते. म्हणून गाड्या त्या वेळेतून बाजूला काढायच्या, आणि ते सहज जमण्यासारखं आहे. रोजच्या चाळीस किलोमीटरला सहा-सात युनिट पुरतात, म्हणजे दोन तासांचं चार्जिंग. गाडी उभी असते बारा तास.

तेव्हा पहिल्यांदा वीजबिलावरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती किलोवॅट वापरायची परवानगी आहे ते, बघा. मग वहीत गाडीवार बॅटरी किती युनिटची, चार्जर किती किलोवॅटचा, पार्किंग क्रमांक काय, हे लिहा. आणि त्यापुढे उद्या किती वाजता निघणार, हा रकाना आखा. आम्ही तो आखला नव्हता. सगळ्यांचे टायमर रात्री बाराला लावले आणि काम झालं असं समजलो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना पहाटे चारला मुंबई विमानतळ गाठायला निघायचं होतं. त्यांची चाळीस युनिटची बॅटरी आदल्या रात्री २० टक्क्यांवर होती. चार तासांत बॅटरीत तेरा युनिट भरले. पहाटे मी त्यांच्या शेजारी उभा होतो, स्क्रीनवर ५२ टक्के दिसत होते आणि पुढे दीडशे किलोमीटरचा रस्ता. काकूंनी बॅगा उतरवल्या, टॅक्सी बोलावली. काका एक शब्द बोलले नाहीत. त्या आठवड्यात आठपैकी पाच जणांनी टायमर काढून टाकले.

म्हणून पुन्हा सांगतो, निघायची वेळ विचारा. एकदा विचारून भागत नाही, रोज रात्री नऊपर्यंत ग्रुपवर विचारा. कोणी उत्तर दिलं नाही तर ‘पहाटे लवकर’ असं धरा, ‘नेहमीसारखं’ असं कधीही धरू नका. वेळेसोबत किमान किती टक्के हवेत तेही घ्या. आणि अचानक दवाखान्यात जावं लागलं तर पुरेल एवढं चार्जिंग, आम्ही ४० टक्के ठरवलंय, प्रत्येक गाडीला आल्या आल्या मिळालंच पाहिजे. उरलेलं मागे ढकला. माणसाचा भरवसा गेला की तो परत आठलाच प्लग लावतो, मग कितीही महागडी यंत्रणा बसवा.

सगळे टायमर बाराच्या ठोक्याला लावू नका. तसं केलं तर संध्याकाळची गर्दी नुसती मध्यरात्रीवर सरकते. वीस-वीस मिनिटांचं अंतर ठेवा, ज्याला लवकर निघायचंय त्याचा नंबर आधी. हा क्रम लावायलाही निघायची वेळच लागते, बघा. वीज जाऊन आली की स्वस्तातले टायमर घड्याळ विसरतात, तेव्हा बॅटरी बॅकअपवाले घ्या.

जे घरून काम करतात किंवा निवृत्त आहेत त्यांना दुपारी चार्जिंग करायला सांगा. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत सौर तासांचा, म्हणजे दिवसा सौर वीज मिळते त्या तासांचा, दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितलं आहे. स्मार्ट मीटर असेल तर आपल्या बिलावरचे तास तपासा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असेल तर त्यांचं चार्जिंग बुधवारी उरकून घ्या.

गाडीतून वीज परत ग्रिडला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याला, देण्याची कल्पना डेलावेअर विद्यापीठाच्या विलेट केम्प्टन यांनी सहकाऱ्यासह १९९७ मध्ये मांडली. त्यासाठी दोन्ही दिशांनी चालणारा चार्जर आणि तशी गाडी लागते. तूर्त ते सोडा, नुसतं वेळ सरकवणंही पुष्कळ आहे.

बाकी किरकोळ. बिल कोणाच्या मीटरवर ते आधी ठरवा. वॉचमनला मेन स्विच दाखवून ठेवा. वहीला दोरी बांधून पेन अडकवा. आणि आज रात्री नऊला ग्रुपवर विचारा, उद्या कोण किती वाजता निघतंय.